रस्ता सांगायचा खेळ

आमच्या घरी सहलीला निघायचं ठरलं की पहिलं भांडण पुढच्या सीटवरून व्हायचं. अप्पांची राखाडी फियाट धारवाडला मालमड्डीतल्या घरासमोर धुऊनपुसून उभी असे, आई मागं डबे लावत असे, आणि मी नि माझा धाकटा भाऊ गुंड्या पुढच्या दाराला लोंबकळून एकमेकांना कोपरानं ढकलत असू. पुढं बसायला मिळालं की 'रस्ता सांग' खेळायला मिळे. हा खेळ अप्पांनी काढलेला. पुढं बसणाऱ्यानं रस्त्यात येईल ते सगळं मोठ्यानं सांगत जायचं: सायकलवाला, डावीकडे, चाललाय. कुत्रं, उजवीकडे, बसलंय. ट्रक, समोरून, लांब आहे. काही सांगायचं राहिलं, की अप्पा गाडी बाजूला घेऊन थांबवत आणि म्हणत, "जा मागं. गुंड्याला पाठव." गुंड्या वेंधळा होता, झाडावरची माकडं बघताना त्याच्या नजरेतून अख्खी बस निसटे, त्यामुळे थोड्याच वेळात मला पुन्हा पुढं बोलावणं येई. मला त्याचा भारी अभिमान होता. वकिलाची मुलगी म्हणून असेल, पण साक्ष द्यावी तशी मी रस्ता सांगत असे. ज्या घरात मुलांनी मोठ्यांदा बोललेलं चालत नसे, तिथं मोटारीत तासन् तास ओरडायला मिळायचं, हे काही थोडं सुख नव्हतं.

आणि आम्ही फिरलोही पुष्कळ. धारवाडच्या आमच्यासारख्या घरांतली मुलं तेव्हा सुट्टीत फार तर आजोळी जात. आमचे अप्पा मात्र रविवार आला की गाडी काढत. उणकलच्या तळ्याकाठी तेव्हा आजच्यासारखी बाग नि गर्दी नव्हती, तिथं आम्ही सकाळी सकाळी जाऊन पाण्यात खडे मारत असू. हुबळीच्या नृपतुंग बेट्टावर चढून खाली पसरलेल्या गावात आपल्या ओळखीचं छप्पर शोधायचं, दांडेलीला नदीत पाय सोडून बसायचं, सोगलच्या धबधब्याखाली डोकं धरून किंचाळायचं. डब्यात शेंगाहोळिगे, म्हणजे शेंगदाण्याच्या कुटाच्या गोड पोळ्या, कडक भाकरी, कारळाची चटणी, दहीभात आणि वर तळलेल्या सांडग्या मिरच्या. जोगचा धबधबा बघून परत येताना मुक्काम व्हायचा, कारण अप्पांचा एक नियम होता आणि तो कोर्टाच्या तारखेपेक्षा कडक होता: दिवेलागणीच्या आत घरात. नाहीतर जिथं असू तिथंच राहायचं. हुबळीला लॅमिंग्टन रोडवर शाळेचे बूट घ्यायला गेलो तरी ऊन कलायच्या आत परत. कोप्पीकर रोडवर संध्याकाळी दुकानांचे दिवे लागतात ते किती छान दिसतं हे शाळेतल्या मैत्रिणी सांगत. मी ते लग्न झाल्यावर पाहिलं.

घरातही अप्पांचे असे नियम होते, आणि ते मोडले की घर हादरे. उंबऱ्यापाशी चपला पडलेल्या दिसता कामा नयेत. पाट, बादली, खुर्ची जागची हलता कामा नये. एकदा गुंड्यानं सायकल व्हरांड्यात आडवी ठेवली होती तर अप्पा त्यावर धडपडले, आणि उठून त्याला असे बोलले की शेजारचे बाहेर आले. सिनेमाला गेलो तर आत दिवे मालवायच्या पुष्कळ आधी आम्ही खुर्च्यांवर बसलेले असू. लाइट गेली, आणि ती रोजच जाई, की अप्पा जिथं असतील तिथंच खाली बसत. जिन्यात असले तर जिन्यात. "काय घाई आहे? येईल की लाइट," असं म्हणत. आम्हाला तो त्यांचा रुबाब वाटे. आई दिवस मावळायच्या बऱ्याच आधीपासून देवापाशी, तुळशीपाशी, जिन्यात, न्हाणीच्या दारात दिवे लावून ठेवी, आणि लोक म्हणत, केवढी भाविक बाई. पाण्याचा पेला ती अप्पांच्या समोर कधी ठेवत नसे, हातात देई. मला वाटायचं, नवऱ्याचा मान असा ठेवायचा असतो, आणि मी मनाशी ठरवलं होतं की आपण काही असलं करणार नाही.

हे सगळं आता एका ओळीत मांडल्यावर कुणीही म्हणेल, अगं, तुला कळलं कसं नाही? पण अप्पा दिवसभर बारीक टायपातले कागद चष्म्याशिवाय वाचत. सुईत दोरा ओवायला आई त्यांनाच बोलावी. रागीट माणसाच्या रागाचं कारण घरात कुणी शोधत बसत नाही, जो तो त्यातून वाट काढायला शिकतो.

आता गोष्ट त्या एळ्ळ अमावास्येची. आमच्या भागात थंडीतल्या त्या अमावास्येला शेतावर जेवायला जातात. उभ्या पिकात पांडवांची म्हणून दगडांची पूजा करतात, आणि जेवायच्या आधी सगळ्या पदार्थांचा काला शेतभर चारी दिशांना उधळतात. त्याला चरग म्हणतात. जमिनीचं जणू डोहाळजेवण ते. बसप्पा नावाचे अप्पांचे जुने पक्षकार अळणावरच्या रस्त्याला शेती करत. खटला केव्हाच संपला होता, पण दर वर्षी या दिवशी आमचं जेवण त्यांच्या शेतावर असे. त्या वर्षी मी दहावीत होते. हरभरा घाट्यांवर आला होता, जोंधळा माझ्या डोक्याच्या वर. बसप्पा पुढं होऊन आरोळी देत होते, मागून त्यांचा भाऊ ओ देत चालला होता, आणि गुंड्या दोन्ही मुठींनी भात उधळत त्यांच्यामागं पळत होता. मग बांधावर पंगत. भरल्या वांग्यांचं तेल बोटांवरून ओघळत होतं, पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, लोण्याचा गोळा, आणि "इन्नू स्वल्प, इन्नू स्वल्प" करत वाढणारी बसप्पांची बायको गौरव्वा. अजून थोडं, अजून थोडं, असं करत ती ताट रिकामं होऊ देत नव्हती. अप्पा मजेत होते. मी त्यांना इतकं हसताना क्वचित पाहिलं आहे. सावल्या लांबायला लागल्या तेव्हा ते उठले, हात धुतला आणि म्हणाले, "निघतो आता."

निघणं आमच्याकडे इतकं सोपं नसतं. सवाष्ण बाई पंगतीला आली की तिची ओटी भरल्याशिवाय तिला शेतातून जाऊ देत नाहीत. गौरव्वानं आईला पूर्वेकडे तोंड करून बसवलं, तांदूळ, नारळ, खण, सुपाऱ्या, सगळं सावकाश, गाणं म्हणत. मग गौरव्वाच्या जाऊबाई पुढं आल्या. त्या वर्षी भावाभावांची घरं वेगळी झाली होती, तेव्हा त्यांची ओटी वेगळी, आणि ती त्यांच्या घरीच भरायची, शेतावर नाही. म्हणजे गावात जाणं आलं. गावात गेलो तर त्यांच्या सासूबाई नारळ शोधायला आत गेल्या त्या येईचनात. मग शेजारीण आली, धारवाडच्या वकीलबाई आल्यात तर रित्या ओटीनं कशा जाणार म्हणाली. अप्पा गाडीपाशी उभे होते. हातात किल्ली. ते कोर्टात भल्याभल्यांना गप्प बसवणारे, पण बायकोच्या ओटीला नको म्हणायचं, हे त्यांच्या जिभेवर येईना. ते नुसते मावळतीकडे बघत होते. ऊन भिंतीवरून कौलांवर चढलं, कौलांवरून गेलं. मी त्यांच्याजवळ गेले तर ते मला म्हणाले, "किती वेळ लावतायत गं या." आवाजात राग नव्हता. तेच मला चमत्कारिक वाटलं.

बसप्पा म्हणाले, "साहेब, आज ऱ्हावा की. अमोशा आहे, कशाला जाता?"

अप्पा म्हणाले, "छे. उद्या सकाळी तारीख आहे. असं जातो, तसं पोचतो."

ती तारीख खरी होती की नाही, मी पुढं कधी विचारलं नाही.

गाव सोडलं तेव्हा आभाळात थोडा उजेड होता, रस्त्यावर नव्हता. दोन्ही बाजूंना झाडं, त्यांच्या बुंध्यांना पांढरे पट्टे. मी पुढं बसले होते, पोट तुडुंब भरलेलं, डोळे जड. अप्पांनी दिवे लावले आणि म्हणाले, "चला, रस्ता सांग." मी थोडा वेळ सांगितलं. मग समोरून एक बस आली, तिचे दिवे अंगावर आले, आणि ती गेल्यावर गाडी रस्ता सोडून खडीवर गेली. चाकांखाली खडखडाट झाला. अप्पांनी ती परत डांबरावर घेतली. मी म्हणाले, "मला नाही आता खेळायचं, अप्पा. झोप आलीय."

"बोल."

"गुंड्याला बसवा की पुढं."

"सुमे, बोल म्हणतो ना!" ते असे ओरडले की मागं गुंड्या दचकून उठून बसला. आणि मग मागून आईचा आवाज आला, अगदी शांत, "सुमा, सांग बाई. सगळं सांग. झाडंसुद्धा सांग."

मी वळून पाहिलं. आई मांडीवरची ओटी दोन्ही हातांनी घट्ट धरून, पुढं वाकून, माझ्याकडे नाही, अप्पांच्या मानेकडे बघत होती. माझी झोप उडाली. काय झालंय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय, आणि ते आत्ता झालेलं नाही, फार दिवसांपासूनचं आहे, एवढं कळलं. मी सांगायला लागले. झाड, डावीकडे. मैलाचा दगड. मोरी. रस्ता उजवीकडे वळतो. अजून वळतो. आता सरळ. गुंड्याला वाटलं खेळ रंगात आलाय, तो मागून टाळ्या पिटायला लागला. अप्पा स्टिअरिंगला छाती लावून बसले होते, आणि मी जे सांगेन ते त्यांचे हात करत होते. मी बोलायची थांबले की गाडी मंदावत होती.

मग घुंगरमाळा ऐकू आल्या. त्या दिवशी सगळी कुटुंबं शेतातून बैलगाड्यांनी घरी परततात, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दिवा कुठल्याच गाडीला नसतो. अप्पांनी मान वळवली, आधी उजवीकडे, मग डावीकडे. "कुठंय?" म्हणाले. "सुमे, कुठल्या बाजूला?" मलाही दिसत नव्हतं. आणि दिसलं तेव्हा ते अगदी जवळ होतं: डावीकडच्या शेतवाटेवरून निम्मी रस्त्यावर आलेली गाडी, रंगवलेली शिंगं, वर बायका-मुलांचा ढीग. मी किंचाळले, अप्पांचा दंड धरून ओढला, आणि आमची फियाट आचका देऊन बंद पडली.

बैल माझ्या खिडकीशी होता. त्याचा श्वास काचेवर उमटत होता. गाडीवरची एक लहान मुलगी, हातात हरभऱ्याचा डहाळा, तोंडाचा आ करून माझ्याकडे बघत होती. मी हात बाहेर काढला असता तर शिंगाला लागला असता. आणि अप्पा माझ्या पलीकडे, त्याच खिडकीकडे तोंड करून, हळूच विचारत होते, "गेली का गं गाडी?"

आई दार उघडून खाली उतरली. ओटीतले तांदूळ रस्त्यावर सांडले. आमच्याकडे ते फार वाईट समजतात, पण तिनं खाली बघितलंही नाही. त्या गाडीवानाजवळ जाऊन ती कानडीत म्हणाली, "अण्णा, आमच्या गाडीचा दिवा गेलाय. आजची रात्र तुमच्या गावात टेकायला जागा मिळंल काय?" गाडीवानानं आमच्या गाडीकडे पाहिलं. दोन्ही दिवे लख्ख जळत होते. मग त्यानं आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "बर्री, अक्का." या म्हणून. कासरा बायकोच्या हातात दिला, खाली उतरला, आणि अप्पांच्या खिडकीवर हात ठेवून, "सीदा, साहेब, सीदा" असं म्हणत बैलांच्या चालीनं गावापर्यंत गाडीबरोबर चालत आला. गुंड्या मागून सारखा म्हणत होता, "अप्पा, पुढं काढा की! बैलाच्या मागनं काय जाता?"

त्या घरी आम्ही घोंगड्यांवर झोपलो. अप्पांना पांघरूण घालताना आई त्यांच्या केसांवरून हात फिरवत होती. मी पहिल्यांदाच ते पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड केलं. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त भीती वाटत होती.

सकाळी ऊन लख्ख पडलं. अप्पा दाढी केलेली नसली तरी पुन्हा पूर्वीचे अप्पा झाले होते. गाडीवानाशी ताठ उभं राहून बोलले, गुंड्याला चपला नीट ठेवल्या नाहीत म्हणून टाकून बोलले. गाडी सुरू केली, रस्त्याला लागलो, आणि ते म्हणाले, "हं, सांग." मी पुढं बसले होते. उजेड होता, रस्ता सरळ, मोकळा, दोन्हीकडे भात कापून झालेली शेतं. मला वाटलं, आता कशाला? आता तर दिसतंय. दिसतंय ना? मला ते कळून घ्यायचं होतं. रात्रभर तेवढंच डोक्यात होतं. मी म्हणाले, "म्हैस. डावीकडे. उभी आहे."

अप्पांनी हॉर्न वाजवला. गाडी हळू केली, उजवीकडे घेतली, आणि मोठा वळसा घालून त्या म्हशीला ओलांडून परत डावीकडे आले.

रस्त्यावर म्हैस नव्हती. काहीच नव्हतं.

"फसवलं! अक्कानं अप्पांना फसवलं!" गुंड्या मागं उड्या मारत हसायला लागला. आणखी कुणी हसलं नाही. अप्पा पुढं बघत होते. पुष्कळ अंतर गेल्यावर म्हणाले, "पुढचं सांग." मी घरापर्यंत सगळं खरं सांगितलं. मालमड्डीत दारासमोर त्यांनी गाडी थांबवली, किल्ली काढली आणि माझ्यासाठी पुढं धरली. ती भलतीकडे धरली होती. मी माझा हात तिच्याखाली नेला.

त्या दिवसानंतर फियाट अप्पांनी चालवली नाही. हुबळीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजर कडेकडेनं जात चालली आहे, रात्रीची आधी गेली, मधलं तेवढं उरलं आहे, तेही जाईल. नळीतून बघावं तसं अप्पा कित्येक वर्षं जग बघत होते, आणि त्या नळीबाहेरचं सगळं आमच्या तोंडून ऐकत होते. पुढं ते माझ्या दंडाला धरून कोर्टात जात, आणि मी तिथंही पायऱ्या, खुर्च्या, माणसं सांगत असे. रागावणं मात्र पूर्ण बंद झालं. ते मला सर्वांत जास्त जाणवलं. त्याच दिवशी डॉक्टर आईला असंही म्हणाले होते की मुलाला याची भीती नाही. मुलीलाही बहुधा नाही. पण मुलीच्या मुलग्यांवर लक्ष ठेवा. मी तिथंच बाकावर बसले होते. आईनं माझा हात धरला, आणि घरी येईपर्यंत सोडला नाही.

मला एकच मुलगा. तो शाळेत असेपर्यंत मी त्याचे डोळे दर वर्षी दाखवून आणत असे. डॉक्टर काही नाही म्हणायचे. कॉलेजात गेल्यावर तो म्हणाला, "आई, पुरे आता," आणि यायचा बंद झाला. आम्ही उणकलला राहतो आता, तळ्यापासून जवळच. माझा मुलगा आजोबांसारखाच फिरण्याचा शौकीन. रविवार आला की बायको नि लहान मुलीला घेऊन गाडी काढतो, मलाही ओढून नेतो. गेल्या वर्षापासून तो लवकर निघायची घाई करतो. संध्याकाळचा ट्रॅफिक नको म्हणतो. परवा उंबऱ्यात नातीच्या चपला होत्या. तो अडखळला, आणि त्या एवढ्याशा पोरीला असा बोलला की ती रडायला लागली. सून म्हणाली, "ऑफिसचं टेन्शन असेल, आई." मी आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बसले.

येत्या रविवारी दांडेलीला जायचं ठरलंय. नातीला पुढं बसायचं होतं. मी तिला म्हटलं, या खेपेला आजी बसणार. तिनं पाय आपटले, पण मी ऐकलं नाही. दांडेलीच्या अलीकडे एक लांब, सरळ, मोकळा रस्ता आहे. तो मी ठरवून ठेवला आहे. मी म्हणेन, म्हैस, डावीकडे. आणि त्यानं गाडी जराही हळू न करता, माझ्याकडे बघून, चिडून म्हणावं, "कुठंय म्हैस? आई, डोळे फुटलेत का तुझे?" असं म्हणावं त्यानं. एवढंच मी देवाजवळ मागते आहे.